रामटेकेबाईंची खुर्ची

कुंदा देवराव रामटेके हे पूर्ण नाव मी आजवर दोनदा कागदावर लिहिलं आहे. पहिल्यांदा लिहायला नको होतं. दुसऱ्यांदा लिहायला फार उशीर केला. एरवी चौदा वर्षं मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणत होतो. मुलं 'मावशी' म्हणत, आणि हजेरीपत्रकात त्या 'प्रयोगशाळा परिचर' होत्या.

आमचं तंत्रनिकेतन हिंगणा रोडवर आहे. पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून यंत्रशास्त्राची प्रयोगशाळा. तिथं लांब टेबलांवर पितळी आणि लाकडी मॉडेल्स मांडलेली असतात. हँडल फिरवलं की कुठे एक दांडा पुढेमागे सरकतो, कुठे एक पट्टी घड्याळाच्या लंबकासारखी डुलते, कुठे चाक थांबत थांबत फिरतं. बाईंचे यजमान देवराव याच कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. कामावरून मोटरसायकलनं घरी जाताना ट्रकखाली गेले. त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर बाईंना घेतलं, पण दहावी पास बाई फिटर कशी होणार, म्हणून झाडणं, पुसणं, मॉडेल्सना तेल देणं आणि संध्याकाळी खिडक्या लावणं हे काम त्यांना मिळालं.

उंच, सडसडीत बाई. चष्म्याच्या दांड्यांना बांधलेली काळी दोरी मानेमागे लोंबायची. पदर पिनेनं घट्ट लावलेला, चालणं भरभर. खांद्याला एक कापडी पिशवी, आणि तीत शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, कागदाला भोक पाडायचा पंच, टिचबटणांची पुडी आणि जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा. पत्रिका कशाला, हे मला पहिली दोन वर्षं कळलं नाही. मी विचारलंही नव्हतं.

कळलं ते असं. चार पट्ट्या एकमेकींना टोकाला जोडल्या की सगळ्यात साधी यंत्रणा तयार होते. त्यातली एक पट्टी पक्की बसवायची, मग उरलेल्या तीन हलतात. कोणती पट्टी पूर्ण गोल फिरेल आणि कोणती नुसती डुलेल, हे त्यांच्या लांबीवर ठरतं, आणि त्याचा एक नियम आहे. तो मी तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहीत असे आणि मुलं तो पाठ करत. एका दुपारी मी डबा खाऊन लॅबमध्ये आलो तेव्हा बाई खाली बसल्या होत्या. समोर लग्नपत्रिकांच्या कापलेल्या पट्ट्या, सांध्यांना टिचबटणं. वीसेक चौकटी फरशीवर दोन ढिगांत मांडलेल्या.

हे काय, म्हणून विचारलं, तर त्या जराशा ओशाळल्या. मग म्हणाल्या, "या ढिगातल्या फिरतेत सर, अन् या ढिगातल्या फिरत नाहीत. म्या मोजून पाह्यलं. सगळ्यात छोटी अन् सगळ्यात मोठी मिळून बाकी दोघींपेक्षा जास्त भरली, का मंग कोनीच पुरी फिरत नाही."

हाच तो नियम. पुस्तकात तो ज्या माणसाच्या नावानं छापलेला असतो, तो बाईंना माहीत नव्हता. मी फळ्यावर लिहायचो तेव्हा त्या जिन्यावर पोछा मारत असत. मी म्हणालो, "बरोबर आहे, बाई." एवढंच म्हणालो. खरं तर मुलांना बोलावून ते दोन ढीग दाखवायला हवे होते. मी घड्याळ पाहिलं आणि तासाला गेलो.

त्यानंतर मात्र मी त्यांच्याकडे लक्ष देऊ लागलो. कॉलेजच्या बसमध्ये त्या नेहमी पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायच्या. पावसात वायपर सुरू झाला की काचेच्या खालच्या फटीतून त्याचे दांडे पाहत राहायच्या. ड्रायव्हरला एकदा त्यांनी सांगितलं, की उजव्या हाताचा दांडा वाकून राहिला आहे, म्हणून तुझा वायपर कोपरा सोडतो. तो हसला होता. आठवड्यानं गॅरेजवाल्यानंही तेच सांगितलं, तेव्हापासून तो त्यांना उतरताना 'मावशी, सांभाळून' म्हणू लागला.

कोणतंही यंत्र समोर आलं की त्या आधी हात मागे बांधून उभ्या राहत. मुलांनाही तेच सांगत, "आधी काय हलत नाही ते पाहा. हलनारं तं कोनालेही दिसते." आणि सांध्यात पिन बसवताना पुटपुटत, "घट्ट केलं तं मरते, ढिलं केलं तं भटकते." पिन बसवून झाली की त्या पट्टी अंगठ्यानं हलकेच ढकलून तिचा आवाज ऐकायच्या. आमच्या लॅबमधली निम्मी मॉडेल्स त्यांच्याच हातांनी जिवंत राहिली होती. खरेदीच्या फायलीत मात्र दर वर्षी 'देखभाल बाहेरून करवून घेतली' असं लिहिलेलं असे, कारण परिचरानं दुरुस्ती करणं नियमात बसत नव्हतं.

एकदा तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. काटोलकडची एक मुलगी समोर उभी होती. अभ्यासात चांगली, पण घाबरट. परीक्षकांनी चार पट्ट्यांचं मॉडेल पुढे केलं आणि विचारलं, की खालची पट्टी सोडून ही सगळ्यात छोटी पट्टी पक्की धरली तर काय होईल? मुलगी गप्प. बाई चहा घेऊन आल्या. कप ठेवला आणि मुलीसमोरचं मॉडेल उचलून म्हणाल्या, "थांब वं, धूळ बसून राह्यली." पदरानं पुसलं आणि परत ठेवलं. ठेवताना आडवं ठेवलं, छोटी पट्टी टेबलाला टेकवून. मुलीनं सहज हात लावला, तर शेजारच्या दोन्ही पट्ट्या पूर्ण गोल फिरू लागल्या. तिचा चेहरा उजळला आणि उत्तर सरळ तोंडून आलं.

परीक्षक चहात गुंतले होते. मी नंतर बाईंना म्हटलं की ही कॉपी झाली. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "म्या तं धूळ पुसली, सर. पाह्यलं तं तिनंच ना."

या बाईंना त्या दिवसांत कुणी विचारलं, की तुम्हाला हे सगळं येतं कसं, तर त्या देवरावांचं नाव सांगत. ते घरी जेवताना ताटात भाकरीचे तुकडे मांडून यंत्रं समजावून सांगायचे म्हणे. पण मला वाटतं, ते नवऱ्याला श्रेय देणं होतं. देवरावांना मी ओळखत होतो. ते उत्तम कारागीर होते, मात्र नकाशा दिल्याशिवाय काम करत नसत. बाईंना नकाशा लागत नव्हता.

आता खुर्चीकडे येतो. इतका वेळ तिच्याकडे यायचं टाळत होतो, हे माझ्या लक्षात आलं आहे.

एका उन्हाळ्यात बाई दोन महिने रजेवर होत्या. सासूला अर्धांगवायूचा झटका आला होता. लॅबच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे राहिली आणि मला एक फाईल हवी होती, म्हणून मी हिंगणा नाक्याच्या पुढे, त्यांच्या वस्तीत घर शोधत गेलो. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. भिंतीवर दीक्षाभूमीवरून आणलेलं कॅलेंडर. आतल्या खोलीत सासूबाई एका खुर्चीवर बसलेल्या होत्या. मी आलो म्हणून म्हातारीला उठून नमस्कार करायचा होता. तिची डावी बाजू लुळी होती. मी घाईनं म्हणालो, बसा, बसा. पण तिनं उजव्या हातानं बाजूचा दांडा खाली दाबला, आणि बसायची फळी तिला घेऊन हळूहळू वर आली, थोडी पुढे सरकली, थोडी पुढे कलली, आणि म्हातारी आपल्या पायांवर उभी राहिली. कुणी हात दिला नाही. खुर्ची मागे घसरली नाही.

मी बॅग खाली ठेवून गुडघ्यांवर बसलो. दोन्ही बाजूंना चार-चार पट्ट्यांची चौकट होती. जमिनीवरचा सांगाडा ही पक्की पट्टी, बसायची फळी ही वरची पट्टी, पुढे एक आणि मागे एक आधाराची. भंगारातल्या लोखंडी पट्ट्या, जोर कमी लागावा म्हणून ताणून बांधलेली सायकलची ट्यूब. पण लांब्या अशा निवडल्या होत्या की वर येताना माणसाचं वजन सतत त्याच्या पावलांवर राहावं. हे नुसतं पाहून किंवा गंमत म्हणून जमत नाही. बाईंनी खोक्याच्या पुठ्ठ्याच्या सात खुर्च्या करून पाहिल्या होत्या, आठवी लोखंडाची. पुठ्ठ्याच्या सातही त्यांनी माळ्यावरून काढून दाखवल्या.

पुढच्या पट्टीजवळ एक जाड लाकडी खुंटी ठोकलेली होती. फळी वर येऊन तिला टेकायची आणि तिथेच थांबायची. ही कशाला, असं मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "याच्या पुढं गेलं का फळी अन् पुढची पट्टी एका रेषेत येते. तिथं तिले समजत नाही का आता कोन्या बाजूनं वाकू. शिलाई मशीनचं पायडल नाही का अडकत? चाकाले हात लावा लागते. मशीन अडकली तं धागा तुटते. इथं मानूस पडन."

मी फोटो काढू का, मापं घेऊ का, असं विचारलं. त्या खूष झाल्या. स्वतः टेप धरला. मी वहीत सगळ्या लांब्या उतरवून घेतल्या आणि चहा पिऊन निघालो. किल्ली न्यायची विसरलो, म्हणून त्या पाठीमागे धावत आल्या.

त्या वेळी माझ्या पीएच.डी.चं काम तीन वर्षं रखडलेलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही, जे झालं ते सांगतो. मी त्या मापांवर गणित मांडलं, संगणकावर ती खुर्ची हलवून पाहिली आणि त्याचं एक प्रकरण झालं. मग एक शोधनिबंध झाला. मग राज्यपातळीवरच्या एका स्पर्धेसाठी माझ्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी नवी खुर्ची बनवायला घेतली. स्टीलचे गोल पाइप, निळी गादी. बाई रोज त्या खुर्चीभोवतीचा कचरा झाडत होत्या. सांध्यांच्या पिना मुलांना नीट बसवता येईनात, तेव्हा मीच त्यांना बसवायला सांगितल्या. त्यांनी दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत ते काम केलं.

त्यांनी तेव्हा एकच गोष्ट विचारली, "सर, खुंटी कुठं लावनार?"

मी खुंटी काढून टाकली होती. ती नसली की फळी आणखी सहा-सात अंश वर येत होती, आणि परीक्षकांना तो आकडा आवडला असता. शिवाय खुंटीला टेकताना ठक् असा आवाज व्हायचा, तो गावठी वाटत होता. मी म्हणालो, "गरज नाही, बाई. कॉम्प्युटरवर तपासलंय. दांडा पुरा दाबला तरी रेषेत यायच्या आधीच थांबते."

त्यांनी पुढची पट्टी अंगठ्यानं ढकलून पाहिली. मग म्हणाल्या, "कॉम्प्युटरात बसून कोन उठलं होतं, सर?"

मुलं हसली. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. पण त्या पुढे काही बोलल्याही नाहीत, आणि मी ते संमतीसारखं धरलं.

आम्हाला पहिलं पारितोषिक मिळालं. कॉलेजच्या सभागृहात सत्कार झाला. मंचावर मी आणि दोन विद्यार्थी. पडद्यावर शेवटी आभाराची यादी होती, तिच्यात तळाशी 'प्रयोगशाळा कर्मचारी' असे दोन शब्द होते. खुर्ची मंचावर उचलून आणली ती बाईंनी आणि शिपाई भाऊंनी. टाळ्या झाल्या तेव्हा बाई मागच्या दाराशी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मनाशी म्हटलं की छापील लेख सविस्तर निघेल तेव्हा नाव घालू. छापील लेख निघाला. त्यातही नाव नव्हतं. माझ्या मार्गदर्शकांनी विचारलं होतं, की मूळ कल्पना कुठून आली? मी लिहिलं, ग्रामीण भागातील पारंपरिक साधनांच्या निरीक्षणातून. बाईंच्या घरापासून शहर बस दर दहा मिनिटांनी सुटते.

धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयानं ती खुर्ची व्यायामोपचार विभागात वापरून पाहायला मागितली. पाठवायच्या आधी मी बाईंकडून सगळ्या पिना एकदा तपासून घेतल्या. तीन आठवडे सगळं ठीक चाललं. चौथ्या आठवड्यात उमरेडकडचे एक गृहस्थ, सत्तरीचे, चांगले जाडजूड, तिच्यावर बसले. उठताना फळी शेवटपर्यंत वर आली, क्षणभर थांबली आणि उलट्या बाजूला वाकली. ते पुढे, हातावर पडले. मनगट मोडलं. डोकं टेबलाच्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर होतं, असं तिथल्या नर्स फोनवर म्हणाल्या.

का झालं, हे मला फोन ठेवायच्या आत कळलं होतं. संगणकात सांधे ढिले नसतात. खऱ्या सांध्याला थोडी ढिलाई लागतेच, नाही तर तो हलणारच नाही. त्या ढिलाईनं आणि त्या वजनानं मी रेषेच्या अलीकडे सोडलेले दोन-तीन अंश खाऊन टाकले. पट्ट्या एका रेषेत आल्या. तिथं खुंटी असायला हवी होती.

प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. मी घरी, धरमपेठेतल्या आमच्या बाल्कनीत बसून सकाळभर तो लिहिला. रचना निर्दोष आहे, असं लिहिलं. सोबत संगणकाचे आलेख जोडले. आणि चौथ्या परिच्छेदात लिहिलं, की सांध्यांच्या पिना बसवण्याचं व तपासण्याचं काम प्रयोगशाळा परिचर श्रीमती कुंदा देवराव रामटेके यांनी केलं होतं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. खोटं असं एकही वाक्य मी लिहिलं नाही, आणि याचा मला त्या सकाळी दिलासाही वाटला होता.

बाईंना मेमो मिळाला. परिचरानं तांत्रिक काम केलं, तेही निष्काळजीपणे. त्यांची बदली लॅबमधून वसतिगृहाच्या भांडारात झाली. मेमो द्यायला त्यांना प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं तेव्हा मी तिथे बसलो होतो. सोबत माझा खुलासाही त्यांना वाचायला दिला गेला. त्यांनी चष्मा पुसला, सावकाश सगळं वाचलं, जिथे सही करायची तिथे केली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाव पुरं लिवलं, सर, तुमी."

त्यात टोमणा होता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

त्या आठवड्यात बाई धंतोलीला त्या गृहस्थांना भेटून आल्या. हे मला त्या गृहस्थांच्याच मुलाच्या फोनवरून कळलं. तो म्हणाला, तुमच्या कॉलेजच्या एक मावशी डबा घेऊन आल्या होत्या, बाबांजवळ तासभर बसल्या. फळी कुठपर्यंत आली, आधी उजवीकडे हलली का डावीकडे, आवाज आला का, असं सगळं विचारत होत्या. मी स्वतः तिथे गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्या लॅबच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत, आता ती त्यांची जागा नव्हती. मी फळा पुसत होतो.

"पिन ढिली नव्हती, सर," त्या म्हणाल्या. "पट्ट्या रेषेत आल्या."

मी म्हणालो, "हो."

त्या माझ्याकडे पाहत थांबल्या. त्यांना वाटलं असावं की 'हो' च्या पुढे काही येईल. मी डस्टर झटकलं. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली गेला. तेव्हा तो भरभर नव्हता.

पुढची सहा वर्षं त्या वसतिगृहाच्या भांडारात गाद्या, बादल्या आणि ट्यूबलाइट सांभाळत होत्या. मी डॉक्टर झालो, मग विभागप्रमुख झालो. कॉलेजच्या आवारात आम्ही समोरासमोर यायचो. त्या नमस्कार करायच्या, सासूबाईंविषयी विचारलं तर सांगायच्या. एका पावसाळ्यात सासूबाई गेल्या, हेही त्यांनीच सांगितलं, आणि शेवटपर्यंत आपल्या पायांनी न्हाणीपर्यंत जात होत्या, असंही सांगितलं. मी वाईट वाटल्याचं म्हटलं. लॅबमधली मॉडेल्स एकेक करून बंद पडली. आम्ही ती कपाटात ठेवली आणि पडद्यावर चित्रफिती दाखवू लागलो.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. जुन्या विभागाचा प्रमुख म्हणून निरोपाचं भाषण मला करायचं होतं. मी आदल्या दिवशी सगळं लिहून काढलं होतं. खुर्ची, पुठ्ठा, खुंटी, चौथा परिच्छेद. कागद खिशात होता. माईकसमोर उभा राहिलो तेव्हा पहिल्या रांगेत प्राचार्य होते, दुसऱ्या रांगेत माझे आताचे विद्यार्थी, आणि मंचावर खुर्चीत शाल पांघरून बाई. मी त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल बोललो. त्या कामाला कधी नाही म्हणाल्या नाहीत, असं म्हणालो. त्या मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. भाषण संपल्यावर सगळ्यांच्या आधी त्यांनीच टाळी वाजवली, आणि मला सभागृहाचं ते मागचं दार आठवलं.

महिनाभर झोप नीट लागेना, म्हणून शेवटी पत्र लिहिलं. प्राचार्यांना आणि ज्या नियतकालिकात लेख छापला होता त्यांना. खुर्चीची मूळ रचना श्रीमती कुंदा देवराव रामटेके यांची. त्यांनी लावलेला अडसर मी काढला. त्यांनी सावध केलं होतं. अपघात माझ्या रचनेमुळे झाला. त्यांच्यावरचा ठपका खोटा आहे. सहा वर्षं ज्याला घाबरत होतो ते दीड पानात मावलं. ते पत्र घेऊन मी बाईंच्या घरी गेलो.

त्या अंगणात तूर पाखडत होत्या. हात धुऊन आल्या, चष्मा लावून पत्र वाचलं, आणि परत पहिल्यापासून वाचलं. मी समोर बसलो होतो. खरं सांगायचं तर मी वाट पाहत होतो. त्या रडतील, किंवा म्हणतील, जाऊ द्या, सर, झालं गेलं. मी त्यासाठीच गेलो होतो, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

त्यांनी पत्राची घडी घातली, जशी होती तशीच, आणि माझ्या हातात दिली.

"बरोबर लिवलं," त्या म्हणाल्या. "पन हे मले दाखवाले काहून आनलं, सर? पाठवून मंग याचं होतं."

मी पत्र खिशात ठेवलं. त्यांनी आत जाऊन पाणी आणलं. मी ते प्यायलो. मग त्या पुन्हा सुपाकडे वळल्या, कारण ऊन उतरायच्या आत तूर डब्यात भरायची होती. मी उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या आवक खिडकीवर पत्र दिलं आणि शिक्का मारून घेतला. दुसरं पोस्टानं पाठवलं. प्राचार्यांनी बोलावून विचारलं की आता हे कशाला? मी म्हणालो, आताच, आणखी उशीर नको. चौकशी पुन्हा उघडली आहे. मला दोन वेळा बोलावलं, मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. विभागप्रमुखपद माझ्याकडे राहील असं दिसत नाही. नियतकालिकाकडून दुरुस्ती छापू, एवढं उत्तर आलं आहे, छापलेली अजून नाही. उमरेडच्या त्या गृहस्थांकडे मात्र मी अजून गेलेलो नाही. त्यांचं मनगट वाकडंच जुळलं, असं त्यांचा मुलगा म्हणाला होता. तिकडे जायचं आहे. त्या वेळी हातात काही घेऊन जाणार नाही, एवढं ठरवलं आहे.

पत्र पाठवल्यावर सहा दिवसांनी मी बाईंना सांगायला गेलो. रविवार होता. त्यांच्या दारात एक मोठा ऑटो उभा होता आणि वस्तीतल्या सात-आठ बाया भंडाऱ्याला कुणाच्या तरी लग्नाला निघाल्या होत्या. बाई हिरव्या साडीत होत्या, केसांत गजरा. मी त्यांना गजरा माळलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या ड्रायव्हरला रागावत होत्या, की पिशव्या वर टाकू नको, आहेराची भांडी वाजतील. एका म्हातारीला हात धरून आत चढवत होत्या. कुणी तरी काही म्हणालं आणि त्या मोठ्यानं हसल्या. चौदा वर्षांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

मग मी दिसलो.

"सर? काही काम होतं का?"

"पाठवलं, बाई," मी म्हणालो. "सोमवारीच पाठवलं."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. मुलानं दिवा बंद केला असं सांगितल्यावर आई म्हणते, तसं. आणि लगेच आत डोकं घालून विचारू लागल्या, "सरका वं जरा. शांताबाई कुठं राह्यली? तिले सोडून जाता का?"

शांताबाई धावत आल्या, दाटीवाटीनं बसल्या. बाई सगळ्यात शेवटी, दाराशी, अर्ध्या सीटवर बसल्या. एका हातानं वरचा दांडा धरला, दुसऱ्यानं पदर गुडघ्याखाली खोचला. ड्रायव्हरनं ऑटो सुरू केला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून, "येतो मंग, सर," म्हटलं, आणि उत्तराची वाट न पाहता शेजारणीचं राहिलेलं बोलणं ऐकायला तोंड आत वळवलं.

ऑटो गल्लीच्या टोकाशी थांबला, रस्त्यावरून जाणाऱ्या बसला वाट दिली आणि वळला.